पाकटांच्या भेटीची वेळ

कॅरिबियन समुद्राच्या पश्चिम भागात, क्यूबाच्या दक्षिणेला, ग्रँड केमन हे ब्रिटिश अमलाखालचे बेट आहे. त्याची लांबी जेमतेम ३५ किलोमीटर आहे. बेटावर डोंगर नाही आणि नदीही नाही. नदी नसल्यामुळे पावसाळ्यात गाळ वाहून समुद्रात येत नाही, आणि किनाऱ्याजवळचे पाणी वर्षभर काचेसारखे नितळ राहते. मालवण-तारकर्लीला पाण्याखालचे काही दिसायचे तर पावसाळा सरून गाळ खाली बसण्याची वाट पाहावी लागते. केमनला तशी वाट पाहावी लागत नाही. पाण्यात तोंड बुडवून खालचे जग पाहण्याचा, म्हणजे स्नॉर्कलिंगचा, धंदा तिथे बारमाही चालतो तो मुळात यामुळे.

या बेटाच्या पोटात उत्तरेकडून एक मोठे खाजण शिरले आहे. त्याचे नाव नॉर्थ साउंड. सुमारे ९० चौरस किलोमीटरचा हा पाण्याचा पसारा बहुतेक ठिकाणी चार-पाच मीटरपेक्षा खोल नाही. पूर्वेला खारफुटीचे दाट वन, पश्चिमेला हॉटेलांची आणि बंगल्यांची वस्ती, आणि उत्तरेच्या तोंडावर प्रवाळाची लांबच लांब भिंत. बाहेरच्या समुद्राच्या लाटा या भिंतीवर फुटतात आणि आत फक्त त्यांची उरलीसुरली चुळबुळ पोहोचते. भिंतीत बोटी ये-जा करू शकतील अशा मोजक्याच वाटा आहेत. त्यांपैकी एकीच्या आतल्या बाजूला, भरतीच्या पाण्याने आणून टाकलेल्या पांढऱ्या वाळूचा एक दांडा तयार झाला आहे. त्यावर पाणी कमरेइतके, काही ठिकाणी गुडघ्याइतकेच असते. किनाऱ्यापासून इतक्या आत, चहूबाजूंना निळे पाणी असताना माणूस तिथे उभा राहू शकतो. त्याच्या पायांभोवती मीटर-सव्वा मीटर रुंदीची पाकटे फिरत असतात.

पाकटे तिथे जमली ती कोळ्यांमुळे. मासेमारी करून परतणाऱ्या बोटी भिंतीच्या आत आल्या की शांत पाण्यात नांगर टाकत आणि किनाऱ्यावर माश्यांचा त्रास नको म्हणून मासळी व शंख तिथेच साफ करत. आतडी, डोकी, कातडी पाण्यात जाई. पाकटांना हे आयते अन्न सापडले, आणि कालांतराने इंजिनाचा आवाज म्हणजे जेवण, असे गणित त्यांच्यात पक्के बसले. १९८६च्या सुमारास काही पाणबुड्यांनी त्यांना हाताने माकुलीचे तुकडे भरवून पाहिले. पाकटे न बिचकता जवळ आली. पाण्याखालच्या भटकंतीला वाहिलेल्या अमेरिकी मासिकांतून छायाचित्रे झळकली आणि जागेला ‘स्टिंगरे सिटी’ हे नाव चिकटले. मूळ स्टिंगरे सिटी थोड्या खोल पाण्यात, साडेतीन-चार मीटरांवर आहे, आणि तिथे हवेची नळकांडी पाठीला बांधून उतरणारे पाणबुडे जातात. सामान्य पर्यटक पाहतात तो दांडा. त्याला स्थानिक लोक नुसते ‘सँडबार’ म्हणतात.

पाकट हा मुशी-मोरीचा नातलग. त्याच्या अंगात हाड नसते, सांगाडा सगळा कूर्चेचा असतो. कोकणच्या मासळीबाजारात दिसणारी पाकटे वेगळ्या जातींची. नॉर्थ साउंडमधली जात हायपॅनस अमेरिकॅनस ही आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून ब्राझीलपर्यंत ती आढळते. मादी दीड मीटर रुंदीपर्यंत वाढते, नर तिच्या निम्म्याएवढाच होतो. मादी अंडी घालत नाही, ती पोटातच उबवून पिले जन्माला घालते. मत्स्यालयांत ठेवलेल्या माद्यांच्या नोंदींनुसार गर्भकाळ साडेचार ते साडेसात महिन्यांचा असतो आणि एका वेळी दोन ते दहा पिले होतात. सँडबारवरची बहुसंख्य पाकटे माद्या आहेत, आणि त्यांतल्या अनेक कोणत्याही वेळी गाभण असू शकतात. पाकट उचलून फोटो काढण्याच्या हौसेला आवर घालण्यासाठी एवढे कारण पुरे आहे.

या माशाची शरीररचना समजली की त्याच्या वागण्याचा बराच उलगडा होतो. डोळे वर, तोंड खाली. म्हणजे जे खायचे ते त्याला कधीच दिसत नाही. अन्न शोधण्यासाठी त्याच्याकडे दोन साधने आहेत. एक वास. दुसरे अधिक विलक्षण: मुस्कटाच्या कातडीवर बारीक छिद्रे असतात आणि त्यांच्या आत चिकट द्रवाने भरलेल्या नळ्या असतात. इटलीच्या स्तेफानो लॉरेंझिनी याने १६७८ मध्ये या अवयवांचे वर्णन केले, म्हणून त्यांना त्याचे नाव मिळाले. त्यांचे काम मात्र विसाव्या शतकात उलगडले. प्रत्येक जिवंत प्राण्याच्या स्नायूंतून अतिशय क्षीण वीज वाहत असते आणि वाळूखाली दडलेल्या खेकड्याची किंवा शिंपल्याची ती वीज पाकटाला या नळ्यांनी कळते. सावज सापडले की ते त्यावर चादरीसारखे पसरते, वाळू उडवते आणि शोषून घेते. दात टोकदार नसून चपट्या फरशीसारखे असतात आणि त्यांचे काम चिरण्याचे नसून भरडण्याचे असते. सँडबारवर एखाद्याच्या हाताला किंवा मांडीला पाकट चुकून चिकटते तेव्हा रक्त येत नाही, शोषल्यामुळे गोल लाल वळ तेवढा उठतो. डोळ्यांच्या मागे दोन भोके दिसतात, ती श्वासासाठी. पोट वाळूत रुतलेले असताना तोंडाने पाणी घेता येत नाही, म्हणून ते वरच्या बाजूने आत ओढले जाते. ही भोके झाकली जातील असे त्याला कधीही धरू नये.

आणि काटा. तो शेपटीच्या टोकाला असतो असा अनेकांचा समज आहे, पण तो बराच अलीकडे, शेपटीच्या बुडाकडच्या भागात असतो. दोन्ही कडांना उलटे दाते, खालच्या बाजूला दोन खाचा, खाचांत विष तयार करणारे पेशीस्तर आणि वर पातळ कातडीचे आवरण. काटा तुटला तर नवा येतो. शिकारीसाठी पाकट तो कधीच वापरत नाही. हातोडीच्या आकाराच्या डोक्याची मुशी त्याची मोठी शत्रू आहे आणि काटा आहे तो तिच्यासाठी. माणसाला तो बसतो तो बहुतेक वेळा पाठीवर पाय पडल्यावर. त्यामुळे सँडबारवर चालण्याची रीत ठरलेली आहे: पाऊल उचलायचे नाही, वाळूतून सरकवत न्यायचे. सरकत्या पायाचा धक्का पाकटाला कडेने लागतो आणि ते बाजूला होते.

निसर्गात हे पाकट एकटे राहणारे आणि रात्री हिंडणारे आहे. दिवसा ते वाळूत अंग पुरून पडून असते आणि अंधार पडल्यावर चरायला निघते. सँडबारवर हे सगळे उलटे झाले आहे. फ्लॉरिडातील नोव्हा साउथईस्टर्न विद्यापीठाशी संलग्न गाय हार्वे संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी काही माद्यांच्या अंगावर ध्वनिसंदेश देणारी यंत्रे बसवली आणि बेटाभोवतीच्या, खाऊ न मिळणाऱ्या पाकटांशी त्यांची तुलना केली. मार्क कोर्कोरन आणि सहकाऱ्यांचा हा शोधनिबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसले ते असे: खाऊ मिळणारी पाकटे दिवसभर सतत फिरतात आणि रात्री जवळजवळ हलत नाहीत. त्यांचा वावर फार छोट्या टापूत असतो. सँडबारवरच्या पाकटांच्या मुख्य वावराच्या जागा ७२ टक्के एकमेकींवर येतात, बाहेरच्यांच्या अवघ्या ३ टक्के. या लहानशा जागेत वेगवेगळी अशी किमान १६४ पाकटे ओळखली गेली, त्यांत ८० टक्क्यांहून अधिक माद्या. बोटी दिवसा येतात, म्हणून रात्रीचा प्राणी दिवसाचा झाला.

याची किंमत त्यांच्या शरीराला मोजावी लागते. क्रिस्टिना सेमेन्यूक या कॅनडातील संशोधिकेने २००७ ते २००९ या काळात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत सँडबारवरच्या आणि बाहेरच्या पाकटांचे रक्त, चरबीची घडण आणि जखमा तपासल्या. माकूल हे या पाकटांचे नेहमीचे अन्न नव्हे, आणि ते जास्त खाल्ल्याचा परिणाम चरबीच्या घडणीत दिसला. रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण कमी आढळले. गर्दीमुळे एकमेकींचे चावे, बोटींमुळे झालेल्या जखमा आणि परजीवी जंतू जास्त होते. बोटवाले सांगतात की पाकटे मोकळी आहेत, कुंपण नाही, ती आपल्या मर्जीने येतात. हे खरेच आहे. पण तीस-चाळीस वर्षे रोज ताट वाढल्यावर ‘मर्जी’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्या वाक्यात दडून राहतो. दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. २०१२ च्या गणनेत सँडबारवरची पाकटे शंभराच्या घरातून साठीच्या आसपास घसरल्याचे दिसले, तेव्हा आधी आरडाओरड केली ती पर्यटनावर पोट असलेल्यांनीच. २०१३ मध्ये केमनच्या कायद्याने आपल्या सगळ्या समुद्रात पाकटांना संरक्षण दिले. त्याआधी ते काही राखीव टापूंपुरतेच होते. पुढच्या वर्षांत संख्या पुन्हा सावरली.

इथे ये-जा करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, सामायिक फेरी: मोठी बोट, चाळीस-पन्नास किंवा त्याहून जास्त माणसे, ठरलेली वेळ, ठरलेले थांबे. दुसरा, एका कुटुंबाने किंवा मित्रमंडळींनी सगळी बोट कप्तानासकट तीन-चार तासांसाठी भाड्याने घेणे. दुसऱ्या मार्गाची जाहिरात नेहमी ऐषआरामाची असते: थंड पेये, पांढऱ्या गाद्या, संगीत. खरे तर त्यातली विकत घेण्याजोगी गोष्ट एकच आहे, आणि ती म्हणजे वेळ निवडण्याची मुभा.

कारण सँडबारचा दिवस क्रूझ जहाजांच्या वेळापत्रकावर चालतो. ग्रँड केमनला जहाज लागेल असा मोठा धक्का नाही. जहाजे राजधानी जॉर्ज टाउनसमोर समुद्रात उभी राहतात आणि प्रवासी लहान नावांनी किनाऱ्यावर आणले जातात. २०१८ या एका वर्षात अशा प्रवाशांची संख्या १९ लाखांवर गेली होती, आणि बेटाची वस्ती तेव्हा लाखाच्याही आत होती. अमेरिकेत स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे केमनला येतात ती या जहाजांनीच. सकाळी उतरून, बसने धक्क्यावर जाऊन, मोठ्या बोटीत बसून ही मंडळी नऊ-साडेनऊनंतर सँडबारवर पोहोचू लागतात. तिथून दुपारी एक-दोनपर्यंत तो चिमुकला दांडा माणसांनी भरून जातो. वाळू ढवळल्याने पाणी दुधट होते, पाकटे एका हातातून दुसऱ्या हातात ओढली जातात, आणि कप्तानांना आपापली माणसे ओळखणे कठीण होते. अशा वेळी खाजगी बोटीतून गेले तरी गर्दी तीच आणि गढूळ पाणीही तेच. म्हणजे पैसे दामदुप्पट मोजून पदरात काहीच पडत नाही.

म्हणून बोट ठरवण्याआधी बंदरात कोणत्या दिवशी किती जहाजे आहेत ते पाहावे. केमनचे बंदर प्राधिकरण हे वेळापत्रक आधीच जाहीर करते. साधारणपणे आठवड्याच्या मधल्या दिवसांत जहाजे जास्त असतात. रविवारी ती क्वचितच येतात, मात्र त्या दिवशी स्थानिक कुटुंबे आपापल्या बोटी घेऊन दांड्यावर सहलीला येतात. तो गजबजाट वेगळा आणि पुष्कळ सुसह्य असतो. जहाजांच्या दिवशी जायचेच असेल तर सकाळी साडेसात-आठला निघणारी किंवा दुपारी अडीच-तीननंतरची फेरी घ्यावी. दोन्हींत सकाळची अधिक चांगली. पाणी रात्रभर निवळलेले असते, वारा अजून उठलेला नसतो, आणि पाकटांची भूक ताजी असते. संध्याकाळी उजेड सुंदर असतो, पण दिवसभर खाऊन झालेली पाकटे बरेचदा माणसांकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

भाडे बोटीच्या आकारावर आणि तासांवर ठरते. सहा-आठ जणांच्या छोट्या बोटीला काहीशे अमेरिकी डॉलर पडतात, तर मोठ्या, सावलीच्या आणि शौचालयाच्या बोटीला आकडा हजारांत जातो. आठ-दहा जणांत वाटला तर तो सामायिक फेरीच्या तिकिटापेक्षा फार जास्त उरत नाही, दोघांसाठी मात्र चैनच आहे. इथे चलनाची एक मेख आहे. केमनचा स्वतःचा डॉलर आहे आणि तो अमेरिकी डॉलरपेक्षा महाग आहे: अधिकृत दर १ केमन डॉलरला १.२० अमेरिकी डॉलर. व्यवहारात दुकानदार आणि बोटवाले बहुधा १.२५ धरतात. नुसता ‘डॉलर’ ऐकून सौदा ठरवला तर देताना पंचवीस टक्क्यांचा फरक पडू शकतो. भाड्यात इंधन, मास्क-नळी, पाकटांसाठी माकूल आणि पिण्याचे पाणी धरले आहे का, हेही आधी विचारून घ्यावे. कप्तान व खलाशाला भाड्याच्या १५ ते २० टक्के बक्षिशी देण्याची तिथे पद्धत आहे आणि ती भाड्यात बहुतेक वेळा धरलेली नसते. वादळवाऱ्यामुळे फेरी रद्द झाली तर पैसे परत मिळणार की दुसरी तारीख, हे लेखी असलेले बरे. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न परवान्याचा. सँडबार हा सरकारने ठरवलेला ‘वन्यजीव भेट टापू’ आहे आणि पर्यटक नेणाऱ्या बोटीला तिथे वेगळा परवाना लागतो. एका वेळी किती बोटी आणि माणसे तिथे असावीत, यावरही मर्यादा आहे.

पश्चिम किनाऱ्यावरच्या धक्क्यांतून निघालेली बोट अर्ध्या-पाऊण तासात सँडबारला पोहोचते. रम पॉइंटच्या बाजूने निघाल्यास अंतर बरेच कमी होते. खाजणाच्या आत लाटा नसल्याने बोट लागण्याचा त्रास सहसा होत नाही. वाटेत कप्तान नियम सांगतो. ते नीट ऐकावेत, कारण त्यांतले बरेचसे त्याच्या आवडीनिवडीचे नसून कायद्याचे आहेत. उथळ पाण्यात चप्पल-बूट चालत नाहीत. बुटाच्या तळाने पाकट जखमी होते, आणि अनवाणी पायाला खाली काय आहे ते कळते. पाकटाला पाण्याबाहेर काढणे गुन्हा आहे. ठरावीक खाण्याखेरीज दुसरे काही भरवता येत नाही. अंगावर चोपडलेले सनस्क्रीन पाण्यात उतरते आणि पाकटांच्या अंगावरच्या संरक्षक बुळबुळीत थराला ते उपकारक नाही. लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालणे हा साधा आणि जास्त चांगला उपाय.

शिडीवरून खाली उतरताना पहिल्या दोन मिनिटांत बहुतेक सगळे किंचाळतात. इंजिन थांबण्याआधीच पाकटे बोटीभोवती जमलेली असतात आणि एखादे मोठे, काळपट राखाडी, मखमलीसारख्या स्पर्शाचे अंग पोटऱ्यांना घासून जाते. अशा वेळी पाय न उचलता जागेवर उभे राहणे एवढेच करायचे. खलाशी एक शांत मादी हातांच्या ओंजळीत धरतो आणि एकेकाला तिच्या पोटाखाली तळवे ठेवू देतो. ती पाण्यातच असते, उचललेली नसते. तिच्या मुस्कटाचा मुका घेतला तर सात वर्षे भाग्य लाभते, असे सांगण्याची तिथल्या खलाशांत जुनी प्रथा आहे. हा विनोद पर्यटकांना फार आवडतो, मादीला विचारण्याची सोय नाही. भरवण्याची पद्धत अशी: माकुलीचा तुकडा मुठीत, अंगठा आत दुमडलेला, मूठ पाण्याखाली वाळूजवळ. पाकट मुठीवरून सरकते आणि तुकडा खेचून घेते. अंगठा बाहेर राहिला तर त्यालाही ते अन्न समजते. फोटोसाठी मागून, शेपटीच्या बाजूने, पाकटावर झेपावू नये. ज्यांना भरवायचे नाही त्यांनी मास्क लावून वीस-पंचवीस फुटांवर थांबून पाहावे. घोळक्यापासून दूर गेलेली पाकटे तिथे वाळूवरून पंखांच्या कडा लहरवत जाताना दिसतात, आणि त्यांची खरी चाल तीच. खाजगी बोटीचा इथे आणखी एक फायदा होतो. घाई नसते. अर्धा तास झाला की शिट्टी वाजत नाही.

सँडबारवर पोहायला येण्याची गरज नसते. पुढच्या थांब्यावर मात्र असते. प्रवाळभिंतीच्या आतल्या बाजूला, ‘कोरल गार्डन्स’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागात बोट नांगर न टाकता कायमच्या तरंगत्या बोयाला बांधली जाते, कारण नांगर प्रवाळावर पडला तर शतकभराची वाढ एका क्षणात मोडते. पाणी दीड-दोन पुरुष खोल. खाली मेंदूच्या वळ्यांसारखे गोल प्रवाळ, पाण्यात डोलणारे जांभळे पंखे, पट्ट्यापट्ट्यांचे सार्जंट मेजर, निळे टँग आणि चोचीने खडक खरवडणारे पॅरटफिश. या खरवडण्याचा आवाज पाण्याखाली स्पष्ट ऐकू येतो. प्रवाळाबरोबर गिळलेला चुना दळून बाहेर पडतो, आणि आजूबाजूची पांढरी वाळू काही अंशी याच माशांनी तयार केलेली आहे. भिंतीचे आरोग्य मात्र पूर्वीसारखे नाही. प्रवाळाचे ऊतक झडून टाकणारा एक रोग २०२० मध्ये रम पॉइंटच्या जवळ प्रथम आढळला आणि बेटाभोवती पसरला. त्यानंतर २०२३ च्या उन्हाळ्यात समुद्र तापला आणि बरेच प्रवाळ पांढरे पडले. जिवंत प्रवाळाला हात किंवा पाय लावू नये हा नियम पूर्वीपासून होता, आता तो जास्त कडकपणे पाळला जातो.

स्नॉर्कलिंगचे साहित्य साधे आहे, पण नव्या माणसाचा सगळा दिवस त्यावर अवलंबून असतो. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलकी हवा ओढावी. तो तसाच चिकटून राहिला तर तो मापाचा. मिशा असल्यास पाणी आत येते, त्यासाठी ओठावर थोडे व्हॅसलिन लावतात. चष्मा मास्कखाली बसत नाही, म्हणून नंबर असलेला मास्क आहे का ते बोट ठरवतानाच विचारावे, अनेक बोटींवर तो असतो. पोहता न येणाऱ्याने फुगवायचे जाकीट घालून, खलाशाने धरलेल्या तरंगत्या कड्याला धरून पाहायला हरकत नाही. तशी विनंती करायला लाजू नये. खाजगी बोटीवर एक खलाशी दोन-तीन माणसांसाठी मोकळा असतो, सामायिक फेरीत तो पन्नासांसाठी असतो.

तिसरा थांबा बहुधा स्टारफिश पॉइंट. रम पॉइंटच्या पश्चिमेला गुडघाभर पाण्यात लालसर-केशरी, जाडजूड तारामासे वाळूवर पडलेले असतात. त्यांना पाण्याबाहेर उचलू नये. ते समुद्राच्या पाण्यातूनच श्वास घेतात आणि फोटोपुरता वर काढलेला तारामासा नंतर मरू शकतो. इथे फार वेळ काढण्यासारखे काही नाही.

पाकटाची धास्ती जगभर पसरली ती ४ सप्टेंबर २००६ नंतर. ऑस्ट्रेलियाचा दूरचित्रवाणीवरचा प्रसिद्ध प्राणिप्रेमी स्टीव्ह आयर्विन याला ग्रेट बॅरियर रीफजवळ चित्रीकरण करताना पाकटाचा काटा छातीत बसला आणि तो मरण पावला. ती जात वेगळी आणि आकाराने पुष्कळ मोठी होती. असे मृत्यू अतिशय दुर्मीळ आहेत, कारण काटा जवळजवळ नेहमी पायात किंवा हातात बसतो. सँडबारच्या फेरीत खरा धोका पाकटाचा नाही, पाण्याचाच आहे. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्या, वयस्कर, बऱ्याच वर्षांत न पोहलेल्या माणसाला नळीतून श्वास घेताना अचानक धाप लागू शकते. नळीतून हवा ओढायला फुप्फुसांना जास्त जोर लावावा लागतो, आणि दमलेला माणूस हात हलवून मदत मागण्याच्या अवस्थेतही राहत नाही. म्हणून एकट्याने पोहू नये, जाकीट अंगावर असावे, आणि पहिली दहा मिनिटे बोटीच्या शिडीजवळच काढावीत. मद्य घ्यायचेच असेल तर परतीच्या वाटेवर घ्यावे. दुसरा धोका बोटींच्या पंख्याचा. गर्दीच्या वेळी दोन बोटींच्या मधून पोहत जाणे टाळावे.

इतके करूनही काटा लागलाच तर वेदना जखमेच्या मानाने कितीतरी जास्त होते आणि तासभर वाढत जाते. हे विष प्रथिनांचे असते आणि उष्णतेने त्याची शक्ती कमी होते. म्हणून जखम स्वच्छ करून, सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या आत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवतात. भाजणार नाही याची खात्री दुसऱ्या, न दुखणाऱ्या हाताने करावी, कारण दुखरा भाग बधिर झाल्यास उष्णता कळत नाही. काट्याचे तुकडे आत राहू शकतात, त्यामुळे वेदना थांबली तरी डॉक्टरांना दाखवून एक्स-रे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन यांबाबत विचारावे. काटा पोटात, छातीत किंवा मानेत रुतला असेल तर तो ओढून काढायचा नाही. तो हलणार नाही असा बांधून कप्तानाने रेडिओवरून मदत मागवायची आणि बोट थेट धक्क्याकडे वळवायची असते.